स्लॅबच्या डोक्यावर पत्रा घालायची वेळ का येते?

मंडळी, आज जरा लांब लिहितोय. वेळ काढून वाचा, कारण विषय तुमच्या-माझ्या डोक्यावरच्या छपराचा आहे.

कुडाळ, मालवण, वेंगुर्ला, देवगड, कुठल्याही गावात जा आणि पंधरा-वीस वर्षांपूर्वीची स्लॅबची घरं बघा. त्यातल्या किती घरांवर वरून पत्र्याची शेड आहे, मोजा. काही जण वाळवणासाठी, लाकडं ठेवायला घालतात, मान्य. पण बाकीच्यांना विचारा. उत्तर एकच येतं, "स्लॅब गळता हो, काय करतलंव?"

कौलं परतायला माणूस मिळत नाही, माकडं कौलं फोडतात, वाशांना वाळवी लागते, म्हणून आपण कौलारू घर मोडलं. कर्ज काढून, दागिने गहाण टाकून स्लॅब ओतला. आणि आता तो स्लॅब पावसात भिजू नये म्हणून त्याच्यावर परत छप्पर! जगात छत्रीवर छत्री धरणारी माणसं आपणच असू.

माझं बांधकाम साहित्याचं दुकान आहे. सिमेंट, सळई, खडी, वाळू यावर माझं घर चालतं. त्यामुळे "हा सिमेंटच्या विरोधात बोलतो" असं कुणी म्हणू नका. मी काँक्रीटच्या विरोधात नाही. माझी तक्रार आहे ती आपण ते ज्या पद्धतीनं मागतो, मोजतो आणि ओततो त्याबद्दल. एका वाक्यात सांगायचं तर आपण ताकद विकत घेतो आणि टिकाऊपणा फुकट मिळेल असं धरून चालतो.

रोजचा संवाद सांगतो. गिऱ्हाईक येतं. "माका त्रेपन्नच व्हया." का हो? "त्रेपन्न म्हणजे पॉवरफुल." त्रेपन्न ग्रेड याचा अर्थ एवढाच की प्रयोगशाळेत ठरलेल्या पद्धतीनं केलेला ठोकळा २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला किमान ५३ न्यूटन भार सोसतो. तो खाऱ्या हवेत तीस वर्षं टिकेल असं त्या आकड्यात कुठंही लिहिलेलं नाही. गोणीवरचा आकडा ताकदीचा आहे, आयुष्याचा नाही.

आपल्याकडचे स्लॅब वजनानं क्वचितच जातात. जातात ते गंजानं. हे नीट समजून घ्या.

चांगल्या काँक्रीटमध्ये क्षार इतका असतो की आतल्या सळईवर एक पातळ संरक्षक थर तयार होतो आणि ती गंजत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून हा क्षार मारतो. समुद्राकाठी त्याहून मोठा शत्रू आहे मीठ. मिठातला क्लोराइड सळईपर्यंत पोचला की तो थर फुटतो. सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो. आत जागा नसते, म्हणून तो काँक्रीट फोडतो. आधी बारीक रेघ, मग फुगवटा, मग एका दुपारी पंख्याशेजारचा पापुद्रा धाडकन खाली. आपण म्हणतो "प्लास्टर पडलं". प्लास्टर नाही हो, घराचं आयुष्य पडलं.

आता खरा प्रश्न असा की मीठ सळईपर्यंत किती वर्षांत पोचणार? ते चार गोष्टींवर ठरतं, आणि चारही आपल्या हातात आहेत.

पहिली, पाणी. सिमेंटला मुरायला लागतं त्याहून जास्त घातलेलं पाणी नंतर उडून जातं आणि मागे बारीक छिद्रांचं जाळं सोडतं. तोच मिठाचा रस्ता. आयएस ४५६ हे भारतीय मानक किनारपट्टीच्या आणि जोरदार पावसाच्या काँक्रीटसाठी पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त ०.४५ सांगतं. ५० किलोच्या गोणीला साडेबावीस लिटर, आणि ओल्या वाळूतलं पाणीही त्यातच धरायचं. साइटवर काय होतं? मिक्सरच्या तोंडात पाइप सोडलेला असतो. माल "पळायला" पाहिजे, कारण पळणारा माल ओतायला सोपा आणि गँगला संध्याकाळच्या आत घरी जायचं असतं. माल पळवायला गोणीमागे थोडं प्लास्टिसायझर पुरतं. माझ्या दुकानात त्याचे डबे धूळ खातात. पाणी फुकट आहे ना!

दुसरी, कव्हर, म्हणजे सळईच्या बाहेर असलेली काँक्रीटची जाडी. तेच मानक अशा हवामानाला 'तीव्र' वर्गात टाकतं आणि ४५ मिलिमीटर कव्हर, एम-३० दर्जाचं काँक्रीट मागतं. लाटांचे तुषार थेट उडतात तिथं ५० मिलिमीटर आणि एम-३५. नीट वाचा, हे फक्त बंदरावरच्या घरांसाठी नाही. 'तीव्र' वर्गात जोरदार पाऊस आणि आलटून पालटून भिजणं-सुकणंही येतं. म्हणजे किनाऱ्यापासून लांबची कणकवली आणि सावंतवाडीसुद्धा त्यात आली. आणि आपल्याकडे घरोघरी काय चाललंय? एकास दीडास तीन, एम-२०, आणि सळईखाली सरकवलेले खडीचे तुकडे. गँग वरून चालली की तेही सटकतात आणि सळई सेंट्रिंगच्या प्लेटला टेकते. काँक्रीटमधून मीठ सरकण्याचा हिशेब ढोबळमानानं असा आहे की कव्हर दुप्पट केलं तर लागणारा वेळ चौपट होतो. अर्धा इंच कव्हर चोरलं की वर्षं चोरली जातात.

तिसरी, वाळू. यावर मोकळेपणानं कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. आपल्याकडे खाडीची वाळू वापरली जाते. मानकानुसार सळई असलेल्या काँक्रीटमध्ये दर घनमीटरला जास्तीत जास्त ०.६ किलो क्लोराइड चालतं. मिठात बदलून सांगायचं तर साधारण एक किलो मीठ. किराणा दुकानातली एक पिशवी, बस्स. आता हिशेब करा. एक घनमीटर काँक्रीटला साधारण साडेसहाशे किलो वाळू लागते. ती ओली असेल आणि तिच्यात वजनाच्या पाच टक्के पाणी असेल तर झालं साडेबत्तीस किलो पाणी. समुद्राच्या पाण्यात किलोला पस्तीस ग्रॅम मीठ असतं. गुणाकार केला की सव्वाअकराशे ग्रॅमच्या आसपास मीठ. मर्यादा संपली! बाहेरून मीठ आत यायची वाट बघायचीसुद्धा गरज नाही, आपणच ते डंपर भरून आत घातलं. खाडीच्या वरच्या अंगाला आणि पावसाळ्यात पाणी कमी खारं असतं हे खरं. पण म्हणूनच तपासायला हवं. न धुतलेली, न तपासलेली वाळू स्लॅबात घालणं म्हणजे लोणच्यासारखं घर मुरवणं आहे.

चौथी, पाणी मारणं. साध्या सिमेंटला किमान सात दिवस, उष्ण-कोरड्या हवेत दहा, आणि राख किंवा स्लॅग असलेल्या सिमेंटला चौदा दिवसांची शिफारस आहे. आपण स्लॅबवर मातीचे आळे करतो, तीन दिवस पाणी भरतो, चौथ्या दिवशी विटा चढवतो. खांबांना तर गोणपाटसुद्धा नशिबात नसतं. दोन घागरी पाणी उडवलं की "क्युरिंग झालं".

बघा, या चारात एकही गोष्ट परदेशी तंत्रज्ञानाची नाही. २००० सालच्या मानकात हे सगळं लिहिलेलं आहे. पाव शतक झालं. पुस्तक कपाटात आणि पाइप मिक्सरमध्ये.

"आधुनिक साहित्य आणा" असं म्हणणाऱ्यांना मी म्हणतो, आणाच. पण कुठलं? आपल्या किनाऱ्याला चालणारं. पोलादाच्या कारखान्यात उरणाऱ्या स्लॅगचं सिमेंट आणि औष्णिक वीज केंद्रांतल्या राखेचं सिमेंट नीट मुरवलं तर काँक्रीट जास्त घट्ट होतं आणि मिठाला जास्त काळ अडवतं. त्याची ताकद सावकाश वाढते, इतकंच. पण गिऱ्हाईकाला ते "राखेचं, भेसळीचं" वाटतं. मी समजावतो, अर्धे लोक ऐकतात, अर्धे पुढच्या दुकानात जातात.

त्याच्याही पुढची गोष्ट. भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी वापरून क्लिंकर जवळजवळ अर्ध्यावर आणणारं सिमेंट आता भारतातही मानकात बसलेलं आहे, २०२३ पासून. या प्रकाराच्या संशोधनात आपल्या आयआयटींचाही हात आहे. क्लिंकरला सुमारे १४५० अंश उष्णता लागते, ही माती त्याच्या जवळपास निम्म्या उष्णतेत भाजते. मीठ अडवण्यात याचे निकाल चांगले आहेत. आणि माती कसली लागते? केओलिन असलेली, आणि तीही कपबश्यांना न चालणाऱ्या हलक्या प्रतीची चालते. सिंधुदुर्गात चिनी मातीचे साठे आहेत हे शाळेच्या भूगोलात शिकलोय आपण. मग आपल्याच मातीवर, आपल्याच हवेत याची चाचणी व्हावी असं एका तरी लोकप्रतिनिधीच्या भाषणात आलेलं तुम्ही ऐकलंय? मी नाही. भाषणात "विकास" येतो, तो कशानं बांधायचा ते येत नाही.

आता कुणीतरी लिहिणारच, "जुनं ते सोनं, चिऱ्याची घरं बघा." थांबा. जुनी सगळी घरं टिकली नाहीत. जी पडली ती आपल्याला दिसत नाहीत, उरलेलीच दिसतात. तरीही एक उदाहरण शिकण्यासारखं आहे. गोव्यात पणजी आणि रायबंदर जोडणारा बांध-पूल पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये बांधला. जांभा दगडाचा. आजही त्यावरून वाहनं जातात. त्याच पणजीत मांडवीवरचा काँक्रीटचा पूल १९७० च्या सुमारास झाला आणि ५ जुलै १९८६ ला कोसळला. पुरती वीस वर्षंही नाहीत. कारण होतं आतल्या पोलादाचा गंज. ठाण्याच्या खाडीवरचा वाशीचा पहिला पूलही १९७० च्या दशकातला. त्याच्या पोलादालाही खाडीच्या हवेनं गाठलं आणि १९९७ मध्ये शेजारी दुसरा पूल सुरू करावा लागला.

यावरून "पोर्तुगीज हुशार, आपले इंजिनिअर मूर्ख" असा निष्कर्ष काढू नका. रायबंदरच्या बांधात गंजायला लोखंडच नाही, हे साधं कारण आहे. पण लोखंडाशिवाय मांडवी ओलांडणारा एवढा मोठा पूल होत नाही. म्हणजे लोखंड वापरायचंच. मग ते वाचवायची जबाबदारी बांधणाऱ्यावर येते. साहित्य नवं असलं की काळजीही नवी घ्यावी लागते. आपण नवं साहित्य घेतलं आणि काळजी मात्र चुन्याच्या भिंतीइतकीच घेतली.

मालवणच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. राजकोटवर ४ डिसेंबर २०२३ ला पुतळ्याचं अनावरण झालं आणि २६ ऑगस्ट २०२४ ला तो पडला. जबाबदारी कुणाची यावर भांडणं झाली, होत राहतील. पण नटबोल्ट गंजल्याची चर्चा तेव्हा घरोघर होती आणि समुद्रावर लोखंड गंजतं हे इथल्या प्रत्येक खलाशाला माहीत होतं. जे होडीवाल्याला कळतं ते अंदाजपत्रकात का उतरत नाही, हा माझा प्रश्न आहे.

आता सरकारी कामांकडे येतो. घर तुमचं असेल तर तुमचा पैसा बुडतो. शाळा, अंगणवाडी, साकव, पाण्याची टाकी असेल तर सगळ्यांचा बुडतो आणि त्याखाली पोरं बसलेली असतात. ठेकेदाराला पैसे कशाचे मिळतात? घनमीटरचे आणि किलोचे. लांबी, रुंदी, जाडी मोजली, सळईचं वजन धरलं, बिल निघालं. कव्हर किती मिळालं, वाळूत मीठ किती, किती दिवस पाणी मारलं, याला बिलात रकाना कुठाय? ठोकळे दाबून ताकद तपासतात. टिकाऊपणा कुणी तपासत नाही. जे मोजलं जात नाही ते होत नाही, सरळ हिशेब आहे.

ठेकेदारालाच झोडपून मोकळं व्हायचं नाही. मी रोज त्यांच्यात असतो. कमीत कमी दराचं टेंडर भरलं तरच काम मिळतं, बिल महिनोन्‌महिने अडकतं, आणि चांगलं कव्हर ठेवलं म्हणून शाबासकीसुद्धा मिळत नाही. प्रामाणिकपणे करणाऱ्याला महाग पडतं आणि टेंडरमध्ये तोच मागे राहतो. अशी व्यवस्था ठेवायची आणि वर "दर्जा घसरला" म्हणून गळा काढायचा.

फ्लॅटवाल्यांचंही तेच. रेरा कायद्यात ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरनं तो फुकटात दुरुस्त करायचा आहे. चांगला कायदा. पण गंजाची रेघ बऱ्याचदा दहाव्या-पंधराव्या वर्षी वर येते. तेव्हा बिल्डर कुठं असतो? तुम्ही सोसायटीच्या मीटिंगमध्ये वर्गणी काढत असता.

सगळ्यात वाईट वाटतं ते घरकुलवाल्यांचं. पंतप्रधान आवास योजनेत ग्रामीण भागात सपाट प्रदेशाला १ लाख २० हजार, डोंगराळ आणि दुर्गम भागाला १ लाख ३० हजार मिळतात. त्या योजनेत पक्कं घर म्हणजे काय? वाजवी देखभाल केली तर वापर आणि हवामान सोसून किमान तीस वर्षं उभं राहील असं घर. स्लॅबच पाहिजे असं नाही! पण गावात समज असा की स्लॅब नसेल तर पोराला मुलगी मिळत नाही. मग एवढ्या पैशात स्लॅब ओढायला कर्ज काढायचं, सिमेंट कमी, पाणी जास्त, कव्हर शून्य. जांभ्याच्या भिंती आणि चांगलं कौलारू किंवा नीट बसवलेलं पत्र्याचं छप्पर तिथं जास्त टिकलं असतं आणि कर्जही झालं नसतं. गरिबाला खोटा स्लॅब देण्यापेक्षा खरं छप्पर द्या.

"हे सगळं महाग पडतं हो." हा आक्षेप येणारच. तर हिशेब घ्या. हजार चौरस फुटांचा स्लॅब कव्हरसाठी एक इंच जाड केला तर काँक्रीट वाढतं जेमतेम २.४ घनमीटर. सिमेंटच्या साधारण वीस गोण्या, त्यातली वाळू-खडी, आणि काँक्रीट एम-३० करायचा थोडा खर्च वेगळा. वजन वाढतं म्हणून इंजिनिअरकडून डिझाइन मात्र करून घ्या, गवंड्याच्या अंदाजानं जाडी वाढवू नका. आता त्याच हजार फुटांवर पाइप, पत्रे, वेल्डिंग, मजुरी धरून शेडचा खर्च काढा. दर तुम्हाला माहीत आहेत. कुठलं महाग? आणि शेड घातली तरी आतली सळई गंजायची थांबत नाही. आत शिरलेलं मीठ पत्रा घालून बाहेर येत नाही.

तेव्हा मागण्या. नुसती बडबड नको.

१. जिल्ह्यातल्या प्रत्येक सरकारी काँक्रीट कामाच्या अंदाजपत्रकात हवामानाचा वर्ग, काँक्रीटचा दर्जा, सिमेंटचा प्रकार आणि कव्हर मिलिमीटरमध्ये लिहिलेलं असावं. तेच कामाच्या फलकावर मराठीत रंगवावं. रकमेचा आकडा रंगवता, तसाच हाही.

२. शेवटचं बिल निघायच्या आधी कव्हरमीटर फिरवावा. हे यंत्र काँक्रीट न फोडता सळई किती आत आहे ते दाखवतं. कव्हर कमी भरलं तर बिल कापा. चांगलं भरलं तर ठेकेदाराला पुढच्या कामात त्याचा फायदा द्या.

३. वाळूच्या मिठाची तपासणी सक्तीची करा. मालवण आणि रत्नागिरीला शासकीय तंत्रनिकेतनं आहेत. तिथं सामान्य माणसाला परवडणाऱ्या फीमध्ये वाळूचा नमुना तपासून मिळावा. पोरांनाही प्रॅक्टिकल होईल. आणि कृत्रिम वाळू वापरायची तर तिचीही प्रतवारी तपासा, क्रशरची धूळ वाळू म्हणून खपवू नका.

४. किनाऱ्यावर नमुना चौथरे उभे करा. चार प्रकारचं सिमेंट, दोन-तीन कव्हर, साधी सळई आणि लेप दिलेली सळई. उघड्यावर ठेवा, दर वर्षी मोजा आणि निकाल जाहीर करा. आपल्या हवेत काय टिकतं हे रुरकीच्या प्रयोगशाळेत बसून पूर्ण कळणार नाही, ते वेंगुर्ल्याच्या वाऱ्यात कळेल.

५. घरकुलाच्या लाभार्थ्याला स्लॅबशिवायचे दोन-तीन पक्क्या घरांचे नमुने ग्रामपंचायतीत डिझाइनसह आणि खर्चासह मिळावेत.

यातल्या एकाही मागणीला नवा कायदा लागत नाही. पहिल्या दोनला तर नवं खातंसुद्धा लागत नाही.

आणि तुम्ही? येत्या ग्रामसभेत उठा आणि एकच प्रश्न विचारा, "ह्या कामात कव्हर किती?" उत्तर आलं तर ते लिहून घ्या. उत्तर नाही आलं तर इतिवृत्तात नोंद करायला लावा. प्रश्न विचारणारा माणूस सभेत बसलाय एवढं कळलं तरी साइटवर कव्हर ब्लॉक पोचतात, हे मी दुकानाच्या गल्ल्यावर बसून सांगतो. घर बांधत असाल तर स्लॅबच्या दिवशी जेवणाच्या पंगतीपेक्षा मिक्सरच्या पाइपाकडे लक्ष ठेवा. मटण दुसऱ्या दिवशीही करता येतं, स्लॅब नाही.

कमेंटमध्ये पक्ष आणू नका. गंज सगळ्या पक्षांच्या सळईला सारखाच लागतो. आपल्या गावातल्या शाळेच्या छताला खालून रेघा दिसत असतील तर फोटो टाका, गाव लिहा, बांधल्याचं साल लिहा. यादी मोठी झाली की ती घेऊन आपण सगळे जिल्हा परिषदेत जाऊ. पोरं वर्गात बसलेली असताना पापुद्रा पडायच्या आधी.